'कार्ड सापडले नाही' : एका वाक्याची झडती

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, प्रयोगशाळेतल्या उपकरणांचेही क्वचित होते. यंत्र माणसाशी जे बोलते त्याचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. या लेखात आम्ही तसा एक प्रयत्न करणार आहोत. परीक्षणासाठी घेतलेले वाक्य अगदी लहान आहे : 'नेटवर्क कार्ड सापडले नाही.' लिनक्स किंवा युनिक्सच्या कुळातील दुसरी एखादी प्रणाली शाळेच्या संगणकावर ज्यांनी कधी बसवली असेल, त्यांना हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात भेटलेले असते. डेबियन बसवताना ते 'एकही इथरनेट कार्ड आढळले नाही' असे येते. प्रणाली चालू झाल्यावर 'असे उपकरण अस्तित्वात नाही' असे येते. वाक्य ठाम आहे, व्याकरणशुद्ध आहे, आणि आमच्या मते बहुतेक वेळा ते खोटे असते.

खोटे हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. त्यामागची हकीकत अंबरनाथची.

२०११ साली अंबरनाथमधील एका माध्यमिक शाळेने उल्हासनगरच्या बाजारातून बारा जुने संगणक घेतले. मदरबोर्डवर नेटवर्कची सोय नव्हती. प्रत्येकात बाजारभाषेत ज्याला लॅन कार्ड म्हणतात ते स्वतंत्र कार्ड बसवलेले होते. परवान्याचा खर्च परवडत नसल्याने लिनक्स वापरायचे ठरले. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने एका यंत्रावर डेबियन नीट बसवले, जाळे चालू केले, आणि वेळ वाचावा म्हणून त्याच हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल उरलेल्या अकरा डिस्कांवर केली. युक्ती चांगली होती. पण पहिले यंत्र जाळ्यावर होते आणि बाकीची अकरा एकच वाक्य बोलत होती : असे उपकरण नाही.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने निदान केले, "साहेब, माल उल्हासनगरचा आहे. कार्डे गेली." शाळेने अकरा नवी कार्डे आणली. ती बसवली. अकराही यंत्रे पुन्हा तेच बोलली. मग मत असे पडले की दोष लिनक्सचा. मुख्याध्यापकांनी आम्हांला बोलावले तेव्हा संगणक कक्षाला कुलूप लावून खोली परीक्षेच्या कामाला द्यावी असा विचार चालू होता. आम्ही गेलो आणि पहिला तासभर आम्हीही कार्डेच उलटीपालटी करून पाहिली, हे कबूल करायला हवे. नववीतली एक मुलगी मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "सर, पण याचा दिवा तर लागलाय."

कार्डाच्या मागच्या बाजूला केबल जिथे खुपसतात तिथे एक बारीक हिरवा दिवा असतो. तो लागला होता. म्हणजे कार्डाला वीज मिळत होती, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्विचशी त्याचे संधान जुळले होते. हे काम कार्ड स्वतःच्या बळावर करते, प्रणालीची मदत न घेता. जे उपकरण शेजाऱ्याशी हात मिळवून बसले आहे ते 'नाही' असे यंत्र म्हणत होते. त्या अकरा यंत्रांचे काय झाले ते पुढे सांगू. त्याआधी 'सापडणे' म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे.

संगणकाला डोळे नाहीत. आपल्या पोटात काय बसवले आहे हे त्याला कोणाला तरी विचारूनच कळते, आणि विचारण्याची रीत काळाप्रमाणे बदलली आहे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात आयसा नावाच्या खाचेत कार्डे बसत. त्या रचनेत 'तिथे कोण आहे?' असे विचारण्याची सोयच नव्हती. नोव्हेल कंपनीच्या 'एनई-२०००' या कार्डाच्या असंख्य नकला तेव्हा जगभर विकल्या जात. लिनक्ससाठी सुरुवातीच्या काळातील बरेच इथरनेट ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. हेच बेकर १९९४ साली थॉमस स्टर्लिंग यांच्याबरोबर नासाच्या गोडार्ड केंद्रात साध्या संगणकांच्या जोडणीतून 'बेओवुल्फ' हा समूहसंगणक उभारणारे. त्यांचा एनई-२०००चा ड्रायव्हर अंधारात हात फिरवीत जाई. षोडशमान पद्धतीतील ३००, २८०, ३२०, ३४०, ३६०, ३८० हे ठरावीक पत्ते. प्रत्येकावर जाऊन काही अंक लिहायचे, काही वाचायचे, आणि मिळालेले उत्तर एनई-२०००सारखे दिसते का ते पाहायचे. अस्सल कार्डाच्या स्मृतीत ठरावीक जागी ५७, ५७ अशी खूण असे. षोडशमानातील ५७ म्हणजे इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षराचा संकेतांक. पुष्कळशा नकलांमध्ये ही खूण नसे. म्हणून ड्रायव्हरमध्ये 'वाईट नकलांची यादी' अशा अर्थाचे नाव असलेला तक्ता ठेवावा लागला होता.

या चाचपडण्यात धोका होता. ३६० या पत्त्यापासून बत्तीस पत्ते मोजले तर प्रिंटरचा ३७८ हा पत्ता त्यात येतो. ड्रायव्हर कार्ड शोधायला जाई आणि हात दुसऱ्याच उपकरणाला लागे. कधी यंत्र जागीच थिजे. निरीक्षणाने निरीक्षित वस्तू बिघडते याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे आम्हांला माहीत नाही. त्या काळी 'सापडले नाही' हे वाक्य प्रामाणिक होते. त्याचा अर्थ होता, 'मी सहा ठिकाणी चाचपले, हाताला काही लागले नाही.'

१९९२ मध्ये पीसीआय ही रचना आली आणि कारभार सुधारला. आज वापरात असलेल्या तिच्या वंशजातही मूळ कल्पना टिकून आहे. प्रत्येक जागेला क्रमांक : २५६ पर्यंत मार्ग, प्रत्येक मार्गावर ३२ उपकरणे, प्रत्येक उपकरणाची ८ कार्ये. गुणाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा; ६५,५३६ येतात. प्रणाली एकेका जागेला हजेरी घेतल्याप्रमाणे हाक मारते. तिथे कोणी असेल तर ते दोन अंक सांगते : मी कोणत्या उत्पादकाचा, आणि माझा प्रकार कोणता. रिअलटेक या तैवानी कंपनीचा अंक १०ईसी. इंटेलचा ८०८६, १९७८ साली याच क्रमांकाच्या चिपने त्या कंपनीचे नशीब उघडले, तोच अंक त्यांनी ओळख म्हणून घेतला.

आणि त्या जागी कोणी नसेल तर? इथे रचनाकारांनी जी सोय केली ती वर्गात सांगण्याजोगी आहे. उत्तर देणारे कोणी नसले की वाचणाऱ्याला सगळे बिट एक असलेला अंक मिळतो, षोडशमानात एफएफएफएफ. म्हणून हा अंक कोणत्याही उत्पादकाला द्यायचा नाही असा नियम आहे. हजेरीच्या वेळी वर्गातली शांतता म्हणजे गैरहजेरी. पण शिक्षकांना ठाऊक असते की शांततेची कारणे दोन असतात : मुलगा आलेला नाही, किंवा आलेला आहे आणि त्याचा घसा बसला आहे. पीसीआयला हा भेद करता येत नाही. त्या पायरीवर तो करता येणे शक्यच नाही, म्हणून त्याबद्दल आमची तक्रारही नाही.

जाता जाता एक गोष्ट. उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगून हसण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरवलेल्या निर्वासितांनी उभे केलेले हे शहर. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही तिथले पत्ते कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. काहीही बनवून दाखवण्याचे तिथले कसब प्रसिद्ध आहे. पण खोक्यावर किंवा कार्डावर कोणताही शिक्का असो, प्रणाली तो वाचत नाही. ती चिपमधला अंक वाचते. शाळेतल्या कार्डांची खोकी आणि चिकटवलेली लेबले तीन वेगवेगळ्या नावांची होती. हजेरीत मात्र सर्वांनी एकच उत्तर दिले : १०ईसी, ८१३९. रिअलटेकची अत्यंत स्वस्त आणि त्या काळी सर्वत्र आढळणारी चिप. लिनक्सला तिची ओळख कित्येक वर्षांची. 'माल उल्हासनगरचा आहे' हे निदान तिथेच निकालात निघाले.

हे उत्तर आम्ही कसे मिळवले? 'एलएसपीसीआय' या आज्ञेने. तिला '-एनएनके' असे पुच्छ जोडले की प्रत्येक उपकरणाचे अंक दिसतात आणि त्याखाली कोणता ड्रायव्हर त्याला चालवीत आहे तेही दिसते. अकराही यंत्रांवर कार्ड होते, ड्रायव्हरही लागलेला होता. तरी वाक्य म्हणत होते, उपकरण नाही.

इथून आमच्या तक्रारीला सुरुवात होते. कार्ड हजेरीला ओ देते ही पहिली पायरी. त्या अंकाचा ड्रायव्हर प्रणालीजवळ आहे ही दुसरी. काही कार्डांना ड्रायव्हरशिवाय आणखी एक फाइल, म्हणजे फर्मवेअर, भरवावी लागते. मग ड्रायव्हर त्या कार्डासाठी जाळ्याचे एक दार उघडतो आणि त्या दाराला नाव मिळते. शेवटी त्या नावाच्या दाराला पत्ता देण्यात येतो. यांतील कोणतीही पायरी चुकली तरी माणसापर्यंत पोचणारे वाक्य जवळजवळ एकच. डॉक्टरांनी प्रत्येक रोग्याला 'आपणांस बरे नाही' एवढेच सांगून घरी पाठवावे, तसे हे झाले.

हे टाळता येत नाही असे नाही. त्याच युनिक्स कुळातल्या ओपनबीएसडी या प्रणालीकडे पाहावे. यंत्र सुरू होताना तिला एखादे उपकरण दिसले पण ड्रायव्हर मिळाला नाही, तर ती त्याचा उत्पादक, अंक आणि जागा सांगून पुढे 'नॉट कॉन्फिगर्ड' असे छापते. म्हणजे 'हे इथे आहे, पण याला कसे चालवायचे ते मला माहीत नाही.' फ्रीबीएसडीत 'पीसीआयकॉन्फ' या आज्ञेच्या यादीत अशा अनाथ उपकरणापुढे 'नन' असा शब्द येतो, आणि त्याचे अंक मात्र पूर्ण दिलेले असतात. लिनक्स अशा वेळी आपण होऊन काहीच बोलत नाही. ड्रायव्हर न लागलेल्या उपकरणाच्या नोंदीत एक ओळ कमी असते, आणि नसलेली ओळ नवख्याला दिसत नाही. 'मला दिसले नाही' आणि 'मला ओळखता आले नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांची गल्लत केली तर आपण त्याचे गुण कापतो.

आता अकरा यंत्रांकडे वळू. दोष नावाच्या पायरीवर होता. त्या काळी लिनक्स पहिल्या इथरनेट दाराला 'ईटीएच-०' म्हणे, दुसऱ्याला 'ईटीएच-१'. एकाच यंत्रात दोन कार्डे असली तर कोणाला शून्य आणि कोणाला एक मिळेल हे चालू होण्याच्या क्रमावर अवलंबून राही आणि नावे अदलाबदल होत. हे टाळण्यासाठी युडेव्ह या व्यवस्थेने एक वही ठेवली : '७०-पर्सिस्टंट-नेट' या नावाची नियमांची फाइल. ज्या कार्डाचा ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता अमुक, त्याचे नाव कायमचे ईटीएच-०. नवे कार्ड दिसले की त्याला पुढचा क्रमांक द्यायचा आणि तोही लिहून ठेवायचा.

पहिल्या यंत्राच्या डिस्कची नक्कल झाली तेव्हा ही वहीही नकलली गेली. दुसऱ्या यंत्राने ती उघडली. त्यात ईटीएच-० हे नाव पहिल्या यंत्रातल्या कार्डासाठी राखलेले. म्हणून आपल्या कार्डाला त्याने ईटीएच-१ हे नाव दिले आणि तसे इमानाने लिहून ठेवले. जाळ्याची मांडणी मात्र ईटीएच-० या नावावर केलेली होती. त्या नावाचे दार त्या यंत्रात नव्हतेच, म्हणून उत्तर आले : असे उपकरण नाही. खरे उत्तर होते : या नावाचे उपकरण नाही. एवढ्या एका विशेषणाची उणीव, आणि शाळेने अकरा नवी कार्डे विकत घेतली!

नवी कार्डे बसवल्यावर काय झाले हे वाचकांनी ओळखलेच असेल. प्रत्येक यंत्राने वहीत आणखी एक ओळ लिहिली आणि नव्या कार्डाचे नाव ईटीएच-२ ठेवले. उपायाने रोग एका अंकाने पुढे सरकला. विशेष म्हणजे यंत्राने हे लपवले नव्हते. 'डीमेसेज' या आज्ञेने गाभ्याच्या नोंदी वाचल्या असत्या तर 'ईटीएच-० चे नाव बदलून ईटीएच-१ केले' अशी स्पष्ट ओळ तिथे होती. 'आयएफकॉन्फिग -ए' म्हटले असते तर असलेली सर्व दारे, नाव चुकलेले दारसुद्धा, समोर आली असती. सत्य नोंदवहीत होते आणि पडद्यावर त्याचे भाषांतर चुकीचे होत होते. आम्ही वहीतल्या त्या ओळी पुसल्या आणि यंत्रे पुन्हा सुरू केली. अकराही जाळ्यावर आली. एका यंत्राला दोन मिनिटे लागली.

पुढे ही रीत बदलली. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीपासून दाराचे नाव त्याच्या जागेवरून ठेवण्याची पद्धत आली. 'ईएनपी-३-एस-०' असे काहीतरी नाव दिसते. त्याचा अर्थ, तिसऱ्या मार्गावरील शून्य क्रमांकाची खाच. डिस्कची नक्कल केल्याने होणारा घोळ यामुळे मिटला. पण यंत्रात दुसरे एखादे कार्ड घातले तर मार्गांचे क्रमांक सरकू शकतात, आणि मग कालचे नाव आज नसते. तेव्हाही वाक्य तेच. शिवाय जुन्या पुस्तकांत आणि टिपणांत ईटीएच-० लिहिलेले असते. ते वाचून नव्या प्रणालीवर आज्ञा देणाऱ्याला पहिलेच उत्तर 'असे उपकरण नाही' हे मिळते. फ्रीबीएसडीत दाराच्या नावातच ड्रायव्हर असतो. 'आरएल-०' म्हटले की रिअलटेक ८१३९, 'ईएम-०' म्हटले की इंटेल. हे नाव दोन पायऱ्यांची माहिती एका दमात देते, आणि आम्हांला ते अधिक शहाणपणाचे वाटते.

आता उलट बाजू, कारण कार्ड खरोखरच गप्प बसते असेही घडते. बदलापूरच्या एका शाळेत, पावसाळ्यात, तळमजल्यावरच्या कक्षातील दोन यंत्रांवर एलएसपीसीआयच्या यादीतच कार्ड नव्हते. आमच्या भागातला पावसाळा वाचकांना सांगायला नको. शिवाय वालधुनी नदी कारखान्यांचे सांडपाणी घेऊन अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहते, आणि हायड्रोजन सल्फाइडने चांदी-तांबे काळे पडते हे रसायनाच्या शिक्षकांना ठाऊक आहे. तेव्हा संशय कार्डाच्या सोनेरी दातांवर आला. अशा वेळी दात खोडरबराने घासावेत हा उपाय प्रत्येक दुरुस्तीवाला सांगतो. आम्ही एका कार्डाचे दात घासले. दुसरे नुसते बाहेर काढले आणि न घासता पुन्हा घट्ट बसवले. दोन्ही कार्डे हजेरीला ओ देऊ लागली. दोन यंत्रांवरून नियम बसत नाही, पण खोडरबराच्या कीर्तीतला बराच भाग केवळ काढून-बसवण्याचा असावा असा संशय घ्यायला हे पुरेसे आहे. विद्यार्थ्यांना नियंत्रित प्रयोग शिकवायचा असेल तर कुंडीतल्या रोपांइतकेच हे उदाहरण चालेल.

फर्मवेअरच्या पायरीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ च्या गाभ्यातून मुक्त परवाना नसलेले फर्मवेअर तत्त्व म्हणून काढून टाकले गेले. परिणामी काही कार्डे हजेरी देत, ड्रायव्हर मिळे, आणि फाइलवाचून गाडे अडे. हीच अडचण एका वेगळ्या रूपात आमच्या लोकल मार्गावर, बदलापूरच्या पुढे कर्जतजवळही येऊन गेली होती. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली कर्जतजवळच्या एका लहानशा एकशिक्षकी शाळेत झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्सवर चालत, पण त्यांच्या बिनतारी चिपचे फर्मवेअर बंदिस्त होते. ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी २००६ मध्येच यावर कडक टीका केली होती : खुले म्हणवणारे यंत्र आणि आत कुलूपबंद फाइल. टीका रास्त होती. मात्र शुद्धतेपायी कार्डच चालू नये हेही शाळेच्या उपयोगाचे नाही. डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन धोरण बदलले, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत चकतीतच येते. आम्हांला हा निर्णय पटतो. डेबियन बसवणारा कार्यक्रम मराठीतही उपलब्ध आहे, ही आनंदाची गोष्ट. पण भाषांतरकाराला मूळ वाक्यातच जो तपशील नाही तो मराठीत तरी कुठून आणता येणार?

राहता राहिली मदतपत्रके. संगणक कक्षाच्या भिंतीवर अशी पत्रके चिकटवलेली असतात : केबल तपासा, यंत्र पुन्हा सुरू करा, कार्ड बदला, प्रणाली पुन्हा बसवा. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी लागू पडतो, आणि म्हणूनच ते टिकून राहतात. पण कोणता सल्ला कोणत्या पुराव्यावरून निवडायचा हे पत्रक सांगत नाही. अंबरनाथच्या शाळेत 'प्रणाली पुन्हा बसवा' हा सल्ला पाळला असता तर यंत्रे चालू झाली असती, कारण वही कोरी झाली असती. आणि कारण कोणालाच कळले नसते. शालेय पुस्तकांत जाळ्याच्या धड्यात तारा-रचना आणि कडे-रचना यांच्या व्याख्या व आकृत्या असतात. समोरचे यंत्र जाळ्यावर का येत नाही हे शोधण्याचा तास नसतो. एलएसपीसीआय, डीमेसेज आणि 'आयपी लिंक' या तीन आज्ञांनी पहिल्या पायरीपासून दाराला नाव मिळण्याच्या पायरीपर्यंत कुठे थांबले ते कळते. त्यांपैकी एकही आज्ञा यंत्रात काही बदलत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती देताना भीतीही नाही.

अंबरनाथच्या शाळेने पुढे एक केले. भिंतीवरचे पत्रक काढून तिथे कोरी वही टांगली. यंत्र अडले की आधी त्या तीन आज्ञांची उत्तरे तिच्यात उतरवायची आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. वहीची पहिली नोंद दिवा दाखवणाऱ्या त्या मुलीच्या अक्षरात आहे. काढून टाकलेली अकरा जुनी कार्डे कपाटात एका खोक्यात होती. ती मुलांनी एकेक करून पहिल्या यंत्रात बसवून पाहिली. दहा चालली. अकरावे हजेरीला गप्प राहिले आणि पुन्हा काढून बसवल्यावरही गप्पच राहिले. त्याच्यापुढे वहीत लिहिले आहे : एफएफएफएफ.